अगदी बारीक बियांपासून रोपं: पेटुनिया, बिगोनिया, तुळस ते वड

मृद्गंधा | २१ सप्टेंबर, सकाळी ८:४०

पाऊस ओसरायला लागला की पुण्यात हिवाळी फुलांची पेरणी सुरू होते. झेंडू, झिनिया, सूर्यफूल यांचं काही अडत नाही, बोटाने खळगा करून बी टाकलं तरी उगवतं. अडतं ते पेटुनिया, बिगोनिया, डॉग फ्लॉवर, चिनी गुलाब यांच्यापाशी. पाकीट फोडलं तर तळाशी जेमतेम दिसेल एवढं बी, आणि पेरून पंधरा दिवस झाले तरी कुंडी कोरीच. म्हणून हा धागा फक्त बारीक बियांसाठी.

आधी आकडे, कारण पुढची सगळी पद्धत त्यांतूनच निघते. एका ग्रॅममध्ये वाटाण्याचे तीन-चार दाणे बसतात. टोमॅटोच्या बिया ३०० च्या आसपास, नाचणी ४००, राजगिरा हजाराच्या वर, डॉग फ्लॉवर सहा-सात हजार, पेटुनिया साधारण १०,००० आणि बिगोनिया ७०,००० च्या घरात. वाटाण्याकडे एवढी शिदोरी असते की तो दोन इंच मातीखालूनही वर येतो. बिगोनियाकडची शिदोरी एक-दोन मिलिमीटरलाच संपते. तेवढ्यात उजेड गाठून पान हिरवं झालं नाही तर रोप मातीच्या आतच संपतं, आणि आपण म्हणतो बी खराब निघालं.

त्यामुळे पहिला नियम: हे बी पेरायचं नाही, पृष्ठभागावर ठेवायचं. वर माती नको, खत नको.

माझी पद्धत अशी:

भांडं उथळ घ्या, ५-६ सेंटिमीटर खोल. मिठाईचा किंवा श्रीखंडाचा पारदर्शक झाकणाचा चौकोनी डबा उत्तम. तळाला तापवलेल्या खिळ्याने दहा-बारा भोकं पाडा. मिश्रण: धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३ भाग, बारीक व्हर्मिक्युलाइट (तापवून फुगवलेलं, ओल धरणारं हलकं खनिज) १ भाग. वरच्या एक सेंटिमीटरसाठी हेच मिश्रण पिठाच्या चाळणीने नाही, रव्याच्या चाळणीने चाळून घ्या. पिठाच्या चाळणीतून पडलेला भुगा पाण्याने घट्ट बसतो आणि हवा कोंडते. पातळी काठाच्या दीड सेंटिमीटर खाली ठेवा आणि सपाट लाकडी तुकड्याने हलकं दाबा. खड्डे राहिले तर पाण्याबरोबर सगळं बी तिथेच गोळा होतं.

आता डबा दोन सेंटिमीटर पाण्यात बसवा. तळातून पाणी चढून वरचा रंग गडद झाला की बाहेर काढून निथळू द्या, पंधरा-वीस मिनिटं लागतात. भिजवणं आधी, बी नंतर. उलट केलंत तर कोरडं कोकोपीट फुगताना बी गिळून टाकतं.

बी टाकल्यावर फक्त बारीक फवारा, झाकण, आणि थेट ऊन न येणारी उजेडाची जागा. पेटुनिया ७ ते १० दिवसांत, डॉग फ्लॉवर ८ ते १४, बिगोनिया १४ ते २०. बिगोनियाचे वीस दिवस पुरे होईपर्यंत डबा ओतून देऊ नका.

सप्टेंबरअखेर पेरलेला पेटुनिया डिसेंबरच्या उत्तरार्धात फुलायला लागतो, म्हणजे जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं तेव्हा आपल्या कुंड्याही भरात असतात. बिगोनियाला चार महिने धरा.

---

खोरंफावडं | २१ सप्टेंबर, दुपारी १:१५

छान धागा. "धुतलेलं कोकोपीट" हे दोन शब्द पटकन निसटून जातील, म्हणून त्यावर थोडं सविस्तर.

नारळाचा काथ्या समुद्रकाठच्या भागातून येतो, त्यात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर असतं. मोठ्या रोपाला ते एक वेळ सोसतं. पेटुनियाच्या केसाएवढ्या मुळाला सोसत नाही, टोक करपतं आणि रोप दोन पानांवर थांबतं.

६५० ग्रॅमची वीट ४ लिटर कोमट पाण्यात टाका, फुगून ८-९ लिटर भुसा होतो. जुन्या सुती कापडात घालून पिळा, परत पाणी, परत पिळा, असं तीनदा. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) असेल तर शेवटचं पिळलेलं पाणी मोजा. नळाच्या पाण्यापेक्षा दोनशेच्या आसपासच जास्त हवं. हजार दाखवत असेल तर अजून धुवा.

त्यानंतर एक पायरी बहुतेक जण गाळतात. १५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट ४-५ लिटर पाण्यात विरघळवून त्यात हे कोकोपीट रात्रभर ठेवा आणि सकाळी एकदा साध्या पाण्याने धुवा. कोकोपीटच्या कणांना चिकटलेलं सोडियम नुसत्या पाण्याने सुटत नाही, कॅल्शियम त्याची जागा घेतं तेव्हाच सुटतं. हे केलं नाही तर पुढे तुम्ही दिलेल्या खतातलं कॅल्शियम कोकोपीटच ओढून घेतं आणि रोपाची कोवळी पानं वाकडी निघतात.

गांडूळखत पेरणीच्या मिश्रणात अजिबात नको. त्यात क्षार असतात, बुरशी असते, माश्यांची अंडी असतात. ते पुढच्या कुंडीत घाला, तिथे त्याचा खरा उपयोग.

---

अबोली_सहकारनगर | २१ सप्टेंबर, रात्री ९:०५

मृद्गंधाताई, बी टाकायचं कसं यावरही लिहा ना. चिमटीत धरलं की एकाच जागी पन्नास पडतात.

---

मृद्गंधा | २२ सप्टेंबर, सकाळी ७:५०

चिमूट विसराच. हिशोब असा बघा: १५ × २० सेंटिमीटरच्या डब्यात सेंटिमीटरभर अंतराने दीडशे ते दोनशे रोपं खूप झाली. पेटुनियाचं तेवढं बी म्हणजे फक्त ०.०२ ग्रॅम! एका चिमटीत याच्या कितीतरी पट बी येतं.

थोडंच बी असेल तर दात कोरायची काडी. टोक पाण्यात बुडवून झटका, बीला टेकवा, एक-दोन चिकटतील. ओल्या कोकोपीटला टेकवलं की सुटतात. बी पांढऱ्या कागदावर घ्या म्हणजे दिसतं, आणि पंखा बंद ठेवा.

जास्त बी असेल तर बारीक कोरड्या वाळूत मिसळा, एक भाग बी आणि वीस भाग वाळू. वाळू धुवून, वाळवून, चाळून घेतलेली हवी. कागदाला मधोमध घडी घालून त्या पन्हळीतून, कागदाला बोटाने टिचक्या मारत सोडा. निम्मं मिश्रण आडवं फिरवत, उरलेलं उभं फिरवत. वाळू पांढरी असली की कुठे पडलं, कुठे राहिलं ते दिसतं.

संकरित पेटुनिया आणि बिगोनियाच्या पाकिटात बऱ्याचदा मातीचा लेप दिलेल्या गोळ्या असतात, राजगिऱ्याएवढ्या. त्या हाताळायला सोप्या. पण लेप विरघळेपर्यंत पाणी मिळालं पाहिजे. पहिल्या दिवशी गोळी फवाऱ्याने इतकी भिजवा की ती फुटून पसरलेली दिसेल. अर्धवट भिजून परत वाळली तर लेप कडक होतो आणि आतलं बी अडकतं. अशा गोळ्या उरल्या तर हवाबंद ठेवा, त्या दमट हवेत लवकर खराब होतात.

---

भिंगवाला | २२ सप्टेंबर, सकाळी ११:३०

ज्यांच्याकडे दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे त्यांनी पेटुनिया उगवताना जरूर बघावा. बी तपकिरी, अंगावर जाळीची नक्षी. चौथ्या-पाचव्या दिवशी एका टोकाशी कवच फाटतं आणि अर्ध्या मिलिमीटरचं पांढरं मूळ बाहेर येतं. मूळ आणि खोड जिथे जुळतात तिथे बारीक केसांचं एक कडं उमटतं. हे केस कोकोपीटच्या कणांना धरतात. बी वरवर ठेवलेलं असतं, त्याला मातीचा भार नसतो, त्यामुळे मुळाने खाली घुसायला जोर लावला तर बीच उचललं जाईल. केसांनी आधी जागा पक्की केली की टोक खाली वळतं. मग खोडाची कमान उभी राहते, पानांवर टोपीसारखं अडकलेलं कवच गळतं, आणि दोन हिरवे ठिपके दिसतात. एवढ्याशा बीत हा सगळा क्रम आधीपासून भरलेला असतो, हे दर वेळी नव्याने थक्क करणारं आहे.

याचा व्यवहारातला उपयोग: हे पांढरे केस बुरशी समजून अनेक जण औषध मारतात आणि चांगली रोपं घालवतात. ओळख सोपी आहे. पाण्याचा बारीक फवारा मारा. मुळावरचे केस चिकटून दिसेनासे होतात आणि थोड्या वेळाने परत दिसतात. ते फक्त मुळाच्या भोवती, सारख्या लांबीचे असतात. बुरशीचे धागे एका बीवरून दुसऱ्या बीवर, कोकोपीटवरून आडवे पसरतात.

आणि जोराचा फवारा पहिल्या आठवड्यात नको तो यासाठीच. केसांची पकड एकदा सुटली की मूळ हवेत वाळतं.

---

निरंजन_औंध | २२ सप्टेंबर, दुपारी ४:२०

>> वर माती नको

हे सगळ्या बारीक बियांना लागू आहे का? व्हर्मिक्युलाइटचा पातळ थर देणारेही बरेच आहेत.

---

भिंगवाला | २२ सप्टेंबर, सायंकाळी ७:१०

उजेड लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या असे दोन गट करा.

पेटुनिया, बिगोनिया, डॉग फ्लॉवर, लेट्यूस, वड-पिंपळ: उजेड हवा, उघडं ठेवा. फ्लॉक्स, व्हर्बेना, कॅलेंडुला: अंधारात बरं उगवतात, ३ ते ५ मिलिमीटर झाका. कॅलेंडुलाचं बी काही बारीक नव्हे, पण एकाच ट्रेमध्ये सगळं पेरणाऱ्यांसाठी सांगितलं.

उजेड का लागतो? बीमध्ये फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं. ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश पडला की ते "उगव" असा इशारा देतं, ७३० च्या आसपासच्या अतिलाल प्रकाशाने तो इशारा रद्द होतो. १९५२ मध्ये बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर आलटून पालटून दोन्ही प्रकाश टाकून हे दाखवलं, आणि बी शेवटच्या प्रकाशाप्रमाणेच वागलं. दाट पानांखाली लाल प्रकाश वरची पानंच शोषतात, खाली अतिलाल उरतो. म्हणजे डोक्यावर मोठं झाड आहे की मोकळी जागा आहे हे बीला उगवायच्या आधीच कळतं. शिदोरी कमी असलेल्या बीला ही पारख असणं किती गरजेचं आहे बघा.

व्हर्मिक्युलाइटबद्दल: त्यातून थोडा उजेड जातो आणि ओल टिकते, म्हणून डॉग फ्लॉवरवर अगदी विरळ, खालचं कोकोपीट दिसत राहील इतपत भुरभुरलं तर चालतं. बिगोनियावर तेवढंही नको.

---

गच्चीबाग_धनकवडी | २३ सप्टेंबर, सकाळी ६:५५

पुण्याच्या हवेचं गणित वेगळं सांगायला हवं. ऑक्टोबरमध्ये दिवसा ३२ अंश, रात्री १९-२०. पेटुनियाला २२ ते २५ हवं, म्हणजे सावलीत भागतं. पण झाकण लावलेला डबा गच्चीवर उन्हात ठेवला तर आतलं तापमान तासाभरात चाळिशीच्या वर जातं, आणि मग बी उकडतं. पत्र्याच्या शेडखालीही तेच. पूर्वेची खिडकी किंवा उत्तरेचा सज्जा घ्या.

लेट्यूसचं तर खास: २८-३० अंशांच्या वर ते उगवायचंच नाकारतं आणि परत झोपी जातं. ऑक्टोबर हीटमध्ये पेरायचं असेल तर ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि संध्याकाळी पेरा. नाहीतर सरळ नोव्हेंबरची वाट बघा.

चिनी गुलाबाला उलट उब लागते, २५ ते २८. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरा, उन्हाळा त्याचाच. आत्ता पेरलात तर थंडीत नुसता खुरटून बसेल.

मुंग्यांचं राहिलं. राजगिरा, नाचणी, लेट्यूस, तुळस यांचं बी मुंग्या एका रात्रीत उचलून नेतात आणि आपण उगवण कमी झाली म्हणतो. डबा विटेवर ठेवा, वीट पाण्याच्या परातीत ठेवा. पाणी चार दिवसांनी बदला, डास होतात.

---

अबोली_सहकारनगर | २६ सप्टेंबर, रात्री ८:३०

उगवून आल्यावर रोपं बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडतात, त्यावर दालचिनी पूड किंवा हळद टाकावी असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्याचा कितपत उपयोग?

---

खोरंफावडं | २६ सप्टेंबर, रात्री १०:००

रोप कोलमडणं. पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशी मातीलगतचं खोड कुजवतात. एक रोप पडलं की त्याच्या भोवती गोल करत पडत जातात, दोन दिवसांत अर्धा डबा आडवा.

दालचिनी-हळद वरच्या थराला लागते, बुरशी खाली ओलीत असते. त्यावर भरवसा ठेवू नका. कारण बघा. पहिलं, झाकण उगवल्यावरही तसंच राहतं. दुसरं, बी दाट पडलेलं असतं, रोपांमध्ये हवा खेळत नाही. तिसरं, मिश्रण सतत चिंब असतं. चौथं, जुन्या डब्याला मागच्या वर्षीची माती चिकटलेली असते.

म्हणून: निम्मं बी उगवलेलं दिसलं की पहिल्या दिवशी झाकण बोटभर सरकवा, दुसऱ्या दिवशी अर्धं, तिसऱ्या दिवशी पूर्ण काढा. एकदम काढलं तर पावसाळी हवेला सरावलेली रोपं कोरड्या वाऱ्याने माना टाकतात. पाणी सकाळी द्या, तळातून. वरचा थर फिका दिसू लागला की मगच. डबा वापरण्याआधी साबणाने घासून उकळतं पाणी ओता. कोकोपीटवरही पेरणीच्या आदल्या दिवशी उकळतं पाणी ओतून थंड करा.

थंड झाल्यावर ट्रायकोडर्मा पावडर लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात कालवून ते पाणी द्या. ट्रायकोडर्मा ही चांगली बुरशी, तिने आधी जागा धरली तर वाईट बुरशीला शिरकाव अवघड जातो. मात्र ती जिवंत आहे. पाकिटावरची मुदत बघा, आणि तिच्याबरोबर तांब्याचं औषध देऊ नका, दोन्ही फुकट जाईल.

रोपं पडायला लागलीच असतील तर आडवी पडलेली आणि त्यांच्या भोवतीची दोन बोटं जागा चमच्याने मातीसकट उचलून टाका. उरलेल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला २ ग्रॅम, एकदाच. पडलेलं रोप काही केल्या उभं राहत नाही, त्यात वेळ घालवू नका.

बारीक काळ्या माश्या ओल्या कोकोपीटवर नाचताना दिसतील. त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात आणि बुरशीला वाट करून देतात. पिवळा चिकट सापळा डब्याशेजारी, आणि वरचा थर मधूनमधून सुकू द्या.

---

निरंजन_औंध | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:४५

पुढची तक्रार नेहमीची आहे: रोपं लांबुळकी, दोऱ्यासारखी होतात आणि खिडकीकडे झुकतात.

---

गच्चीबाग_धनकवडी | ५ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

उजेड कमी आणि उब जास्त, दोन्ही एकत्र झालं की असंच होतं. उगवल्यावर तिसऱ्या दिवसापासून सकाळचं कोवळं ऊन अर्धा तास, रोज थोडं वाढवत दोन आठवड्यांत चार तासांवर न्या. खिडकी नसेल तर २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब, ६५०० केल्विनची, रोपांच्या वर १५ ते २० सेंटिमीटरवर, रोज १४ तास. छताची ट्यूब पुरत नाही. अंतर नुसतं दुप्पट झालं तरी उजेड खूप कमी होतो. एकदा दोऱ्यासारखं झालेलं खोड जाड होत नाही. पेटुनियाला पुनर्लागवडीच्या वेळी थोडं खोल लावून सावरता येतं, बिगोनिया मात्र खोल लावलात तर सडतो.

---

मृद्गंधा | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

उगवलेल्यांसाठी पुढचा टप्पा.

पहिली दोन पानं बीमधलीच, ती गुळगुळीत गोल असतात. त्यानंतर येतात ती खरी पानं. खऱ्या पानांची पहिली जोडी दिसेपर्यंत खत नको. मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. दोन आठवड्यांनी एक ग्रॅम. बिगोनियाला शेवटपर्यंत अर्ध्या ग्रॅमवरच ठेवा.

दोन जोड्या झाल्या की प्रत्येक रोप वेगळं करायचं. आधी डबा तळातून भिजवा. आइस्क्रीमची चपटी काडी मुळाखाली घालून उचला आणि रोप पानाला धरा, खोडाला कधीच नाही. पान फाटलं तर नवं येतं, खोड चेपलं तर आतल्या वाहिन्या तुटतात आणि रोप संध्याकाळपर्यंत मरतं. ५० किंवा ९८ खणांच्या प्रोट्रेमध्ये लावा. आता मिश्रणात एक पंचमांश चाळलेलं गांडूळखत चालेल. चार दिवस सावली, मग ऊन.

पेटुनियाचा शेंडा सहा-सात पानांवर खुडा, फांद्या फुटतात. हे करायला जिवावर येतं, पण खुडलेलं रोप दुप्पट पसरतं.

---

खोरंफावडं | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

एक भर. पेटुनियाची वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती खताची भूक नव्हे, लोह मिळत नाहीये. मातीत लोह असलं तरी सामू (पीएच) साडेसहाच्या वर गेला की पेटुनियाला ते उचलता येत नाही. खडकवासल्याचं नळाचं पाणी मऊ असतं, त्यावर हा त्रास क्वचित होतो. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर दोन-तीन आठवड्यांत दिसायला लागतो, आणि आपली काळी माती मुळातच विम्लधर्मी. अशा वेळी ५ लिटर पाण्यात एक ग्रॅम लिंबूसत्त्व टाका, सामू कागदाने ६ च्या आसपास आला का बघा, आणि चिलेटेड लोह लिटरला अर्धा ग्रॅम एकदा फवारा. नवी पानं हिरवी निघाली की समजायचं काम झालं. जुनी पिवळीच राहतात.

---

तुळशीवृंदावन | १४ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४०

तुळशीबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून. मंजिरी खालून वर पिकते. पूर्ण तपकिरी झालेलीच घ्या, हिरवट मंजिरीतलं बी पोचट असतं. दोन दिवस सावलीत वाळवून तळहातावर चोळा, फुंकर मारा, फोलपट उडतं, बी उरतं. पृष्ठभागावर टाकून नुसतं दाबा. २५ अंशांच्या वर उब असेल तर ८ ते १४ दिवस, डिसेंबरच्या थंडीत महिना लागतो किंवा सडतं. त्यामुळे तुळस होळीनंतर किंवा जूनमध्ये पेरावी.

सब्जा हा तिचाच भाऊबंद. पण त्याच्या बीला पाणी लागताच भोवती पांढरट जेली येते. ती धुवू नका, तेच त्याचं पाणी साठवणं. एकदा टाकल्यावर हलवूही नका.

आणि एक गंभीर सूचना: स्वयंपाकघरातली खसखस पेरू नका. ती अफूच्या झाडाची आहे आणि परवान्याशिवाय अफूची लागवड हा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली गुन्हा आहे, कुंडीतली असली तरी. बागेसाठी शर्ली किंवा कॅलिफोर्निया पॉपीचं बी मिळतं, ते थेट कुंडीत पेरा, पॉपीला पुनर्लागवड सोसत नाही.

---

रानवाटा | १७ ऑक्टोबर, रात्री ९:२०

वड, पिंपळ, उंबर यांच्या बियांवर सविस्तर लिहितो, कारण "पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय वड उगवत नाही" ही समजूत फार घट्ट बसली आहे. उगवतो. पक्षी मुख्यतः दोन कामं करतो: बीभोवतीचा गोड गर काढतो, त्यामुळे बुरशी लागत नाही, आणि बी भिंतीच्या भेगेत, झाडाच्या बेचक्यात, म्हणजे उजेडात नेऊन टाकतो. ही दोन्ही कामं आपल्याला करता येतात.

झाडाखाली पडलेली लाल, मऊ, ताजी फळं घ्या. वाळून कडक झालेली नकोत. वाटीत पाणी घेऊन फळ कुस्करा, दोन दिवस ठेवा, रोज पाणी बदला. गर सुटतो. वर तरंगतं ते फेका, त्यात पोकळ बिया आणि मेलेल्या माश्या असतात. तळाला बसतात ते पिवळसर, मिलिमीटरभर दाणे खरे. वडाच्या फळात बी धरतं ते एका इवल्याशा गांधीलमाशीमुळे, युप्रिस्टिना मॅसोनी तिचं नाव, आणि ती फक्त वडाच्याच फळात शिरते. उंबराची वेगळी, पिंपळाची वेगळी.

दाणे विटेची बारीक भुकटी आणि कोकोपीट सारखं घेऊन त्यावर पसरा, वर काही नको, काच ठेवा. उबेत दोन ते चार आठवड्यांत उगवतात. पहिले तीन-चार महिने वाढ अगदी संथ असते, रोप बोटाच्या पेराएवढंही होत नाही. सगळा जोर मुळांकडे जातो. चार पानांवर वेगळं करा, वर्षभराने पिशवीत न्या.

लावायचं कुठे ते मात्र आधी ठरवा. इमारतीपासून, जलवाहिनीपासून दूर, टेकडीवर किंवा गावच्या गायरानात. सोसायटीच्या कुंपणाला लावाल तर दहा वर्षांनी तोडायची वेळ येईल.

---

निरंजन_औंध | १८ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

रानवाटा, मग अंजिराचंही असंच करता येईल का? सासवडचे ताजे अंजीर आत्ताच दिसायला लागलेत.

---

रानवाटा | १८ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

पुरंदरच्या अंजिराचं नाही. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, फळ उत्तम, पण ते परागीकरणाशिवायच धरतं. दाताखाली कुरकुरतात त्या बिया आतून पोकळ असतात. त्याची रोपं कलमाने किंवा छाटाने करतात. इंचभर कमी-जास्त, वीतभर लांबीची, पेन्सिलीएवढी जाड काडी जानेवारीत छाटणीच्या वेळी मिळाली तर लावा.

---

अबोली_सहकारनगर | १८ ऑक्टोबर, दुपारी ३:००

आणि ऑर्किड? त्याचं बी तर सगळ्यांत बारीक म्हणतात.

---

भिंगवाला | १८ ऑक्टोबर, रात्री ८:४५

हो, आणि तिथे वरची कुठलीच पद्धत चालत नाही. ऑर्किडच्या एका बोंडात लाखो बिया असू शकतात, पण बीमध्ये पोषणाचा साठाच नसतो. निसर्गात एक बुरशी त्यात शिरते आणि साखर पुरवते, तेव्हाच ते वाढतं. नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये हे ओळखलं. १९२२ मध्ये लुईस नडसन यांनी बुरशीला बाजूला ठेवून साखर आणि क्षार मिसळलेल्या आगरवर निर्जंतुक बाटलीत ऑर्किड उगवून दाखवलं, आजही प्रयोगशाळा त्याच वाटेने जातात. घरी करायचं तर प्रेशर कुकरमध्ये बाटल्या निर्जंतुक करणं, हातमोज्यांची बंद पेटी, आणि बाटलीत वर्षभर वाट बघणं आलं. सह्याद्रीत सीतेची वेणी दिसली तर बोंडं तोडू नका. तिथली बुरशी तिथेच आहे, आपल्या गच्चीवर नाही.

---

मृद्गंधा | २० ऑक्टोबर, सकाळी ९:००

उरलेल्या बियांबद्दल व्यक्तिगत निरोपातून बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून इथेच लिहिते.

बारीक बी ओल पटकन शोषतं, त्यामुळे पावसाळ्यातच मरतं. ओल १ टक्क्याने कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट, तापमान साडेपाच अंशांनी कमी झालं की परत दुप्पट, हा बियाणं साठवणाऱ्यांचा ढोबळ नियम. कागदी पाकीट घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, सोबत दोन चमचे सिलिका जेल, बरणी फ्रीजच्या दारात. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर थंड बियांवर दव धरतं. बिगोनिया वर्ष-दोन वर्षं, पेटुनिया तीन वर्षांपर्यंत चांगला राहतो.

संकरित पेटुनियाचं घरी धरलेलं बी उगवतं, पण रंग आणि आकार पालकासारखा येत नाही. देशी, साध्या वाणाचं धरा.

जुनं बी पेरण्याआधी २० दाणे ओल्या टिश्यूवर, झाकणाच्या डबीत, उजेडात ठेवा. १२ उगवले तर ६० टक्के, तेवढं बी वाढवून टाका. ५ पेक्षा कमी उगवले तर नवं पाकीट आणा. पाकिटावर वाण, बी धरल्याची तारीख आणि या चाचणीचा आकडा, तिन्ही पेन्सिलीने लिहा, फ्रीजमधल्या दमटपणात शाई पसरते.